तिला पुन्हा पुन्हा पुरलं

माझे हात जोडले गेले, इतकंच झालं. मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात, मेशिका लोकांच्या दालनात, कोआत्लिक्वेच्या पुतळ्यासमोर. एसटीतून जाताना एखाद्या अनोळखी गावाचं देऊळ दिसलं की आत कोण आहे हे न विचारता हात छातीशी जातात, तसे ते गेले. डोळेही क्षणभर मिटले असावेत. शेजारी उभ्या लेकीने हळूच विचारलं, "आई, तू कुणाला नमस्कार केलास?" तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "देवीला." "कसली देवी?" मेशिका म्हणजे ज्यांना आपण ॲझटेक म्हणतो ते लोक, आणि त्यांच्या देवांच्या याद्या तिने शाळेत पाठ केल्या होत्या. त्लालोक पावसाचा, विट्झिलोपोच्त्ली युद्धाचा, अशी प्रत्येकाला एकेक खाती वाटून दिलेली. त्या यादीत ही कुठे बसते ते तिला हवं होतं. मी पाटीवरचं वाचून दाखवू शकले असते, पण तिने विचारलं होतं ते पाटीवर नव्हतं. ह्यूस्टनला परत आल्यावरही तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. भांडी आवरताना, गाडी चालवताना, मध्येच आठवायचा. मी कुणाला नमस्कार केला?

पुतळा अडीच मीटरहून उंच आहे, अँडेसाइट दगडाचा, आणि किंचित पुढे झुकलेला. म्हणजे आपण समोर उभे राहिलो की ती आपल्यावर वाकली आहे असं वाटतं. तिला डोकं नाही. मान छाटलेली आहे आणि त्या मानेतून दोन साप वर आले आहेत. ते एकमेकांकडे तोंड करून थांबले आहेत आणि त्यांची दोन अर्धी तोंडं मिळून समोरून एकच मोठा चेहरा दिसतो. हे साप म्हणजे मानेतून उसळलेलं रक्त. हातांच्या जागीही सापच. गळ्यात हार, त्यात तोडलेले पंजे आणि काढलेली काळजं आलटून पालटून ओवलेली, मध्ये पदकासारखी कवटी. कमरेला सापांचा पट्टा, खाली विणलेल्या सापांचा घागरा, पायांना नख्या. आणि या सगळ्यात, हाराच्या मागे, जे मला दुसऱ्या फेरीत दिसलं: ओघळलेले स्तन आणि त्यांच्याखाली पोटाच्या वळ्या. बाळंतपणं झालेल्या बाईचं पोट. ज्या कारागिराने सापांच्या खवल्यांचे ठसे असे एकसारखे पाडले, त्याने या वळ्याही तितक्याच निगुतीने कोरल्या आहेत. भीती आणि ते पोट त्याने एकाच दगडात, एकमेकांना न पुसता ठेवलं आहे. माझे हात कशाने जोडले गेले हे मला नक्की सांगता येणार नाही, पण ते पोट बघितल्यावर ते खाली घ्यावेसे वाटले नाहीत.

तिची गोष्ट झाडण्यापासून सुरू होते, हे मला फार आवडतं. तुला नावाच्या शहराजवळच्या कोआतेपेक डोंगरावर, म्हणजे सापांच्या डोंगरावर, ती झाडत होती. ते तिचं व्रत होतं. मेशिकांच्या घरात आणि देवळात झाडणं ही पूजाच होती, त्यांच्या वर्षाच्या अठरा महिन्यांपैकी एक महिना झाडण्याच्या नावाने होता. झाडता झाडता वरून पिसांचा एक गोळा खाली आला. तिने तो उचलला, पोटाशी खोचला आणि झाडत राहिली. काम संपल्यावर बघते तर गोळा नाही. तिला दिवस गेले होते. तिला आधीची ४०० मुलं होती आणि एक मुलगी, कोयोल्शाउकी. मुलं चिडली, बाप कोण म्हणून विचारू लागली, आणि आईने आपल्या तोंडाला काळं फासलं, तिला मारलंच पाहिजे, असं मुलीने भावांना पटवलं. आई घाबरली, खचली. तेव्हा पोटातलं मूल बोललं: भिऊ नकोस, मला काय करायचं ते ठाऊक आहे. भावांपैकी एकजण फुटला होता. फौज कुठवर आली, आता कुठे आहे, आता चढाला लागली, हे तो पोटातल्या बाळाला सांगत राहिला. कोयोल्शाउकी डोंगरमाथ्यावर पोचली त्याच क्षणी विट्झिलोपोच्त्ली जन्मला, शस्त्रं घेऊनच. त्याने अग्नीच्या सापाने बहिणीवर वार केला, तिचं डोकं छाटलं, आणि तिचं धड डोंगरावरून गडगडत, तुकडे तुकडे होत खाली गेलं.

ते तुकडे मी दुसऱ्या दिवशी बघितले. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी वीज कंपनीचे कामगार कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला, ग्वातेमाला आणि आर्खेन्तिना या रस्त्यांच्या कोपऱ्यावर खोदत होते, तेव्हा त्यांची अवजारं एका कोरीव दगडावर आपटली. सव्वातीन मीटर व्यासाचा गोल दगड, त्यावर कोयोल्शाउकी. या एका दगडामुळे पुढे तेम्प्लो मायोर, म्हणजे जिच्यावर आजची मेक्सिको सिटी उभी आहे त्या तेनोच्तित्लान या मेशिका राजधानीचं मोठं देऊळ, उकरून काढण्याचं काम उभं राहिलं. आता ती देवळाशेजारच्या संग्रहालयात आहे आणि तिला वरच्या मजल्यावरून खाली बघता येतं. डोकं वेगळं, हात वेगळे, पाय वेगळे, सांध्यांतून हाडांची टोकं बाहेर आलेली, गालांवर घंटा. नग्न, कमरेला सापाचा पट्टा. आणि पुन्हा तेच, पोटावर वळ्या. हरलेल्या, छाटलेल्या बाईचं पोटही त्या लोकांनी बाळंतिणीचंच दाखवलं. मला वरून तिच्याकडे बघणं जड गेलं. वरून बघणं म्हणजे त्या डोंगरावरून बघणं, जिंकलेल्या भावाच्या जागेवरून. देऊळ म्हणजेच तो डोंगर होता. वर विट्झिलोपोच्त्लीचं गर्भगृह, पायऱ्यांच्या तळाशी हा दगड, आणि वर बळी दिलेल्या माणसांची धडं त्या पायऱ्यांवरून गडगडत याच दगडापाशी येत. ती गोष्ट तिथे सांगितली जात नव्हती, दर वेळी पुन्हा घडवली जात होती.

माझ्या लहानपणी आजी हडळीच्या गोष्टी सांगायची. बाळंतपणात गेलेली बाई, पाय उलटे, पाणवठ्यावर दिसते. मेशिकांच्या लेखी बाळंतपण ही लढाई होती आणि त्यात गेलेली बाई रणात पडलेल्या योद्ध्याच्या बरोबरीची. अशा बायांना ते सिवातेतेओ म्हणत. सकाळचा सूर्य योद्धे माथ्यावर आणून सोडत आणि तिथून मावळतीपर्यंत त्याला या बाया नेत. तिला पुरायला नेताना नवरा आणि सुइणी तिच्या देहाला पहारा देत, कारण तिचं बोट किंवा केस ढालीत ठेवले तर लढाईत बळ येतं म्हणून तरुण शिपाई ते पळवायला टपलेले असत. आणि याच बाया ठरावीक दिवशी चव्हाट्यावर उतरून लहान मुलांना झपाटतात अशी भीतीही होती. मग चव्हाट्यावर त्यांच्यासाठी फुलपाखराच्या आकाराच्या भाकऱ्या ठेवत. आजीच्या हडळीच्या वाट्याला भीती तेवढी आली, मान कुणी दिला नाही. कोआत्लिक्वेच्या घागऱ्याकडे बघताना मला त्या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बांधलेल्या दिसल्या.

तिला स्पॅनिश राज्यकर्त्यांनी किती वेळा पुरलं, हे वाचल्यावर मात्र मला फार राग आला.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी स्पॅनिश फौजांपुढे तेनोच्तित्लान पडलं. तिथले देव फोडले गेले, पुरले गेले, त्यांचे दगड नव्या चर्चच्या आणि वाड्यांच्या पायात गेले. मग १३ ऑगस्ट १७९० रोजी, तारीख तीच, शहराच्या मुख्य चौकात फरसबंदी आणि गटारांचं काम चालू असताना ती जमिनीतून वर आली. व्हाइसरॉय नव्या विचारांचा माणूस होता. त्याच्या राजवटीत पुतळा फोडला गेला नाही, तो विद्यापीठाच्या अंगणात नेऊन ठेवला. लेओन इ गामा नावाच्या विद्वानाने त्याची मोजमापं घेऊन १७९२मध्ये त्यावर लिहिलं. १७९०च्याच डिसेंबरमध्ये त्याच चौकात दुसरा मोठा दगड निघाला होता, सूर्याचा, ज्याला लोक पंचांग म्हणतात. तो तर कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या भिंतीला लावला आणि जवळपास शंभर वर्षं येणारे-जाणारे तो बघत राहिले. सूर्याच्या दगडात साहेबांना गणित दिसलं, ज्योतिष दिसलं, अभिमानाने दाखवावं असं काही दिसलं. बाईच्या पुतळ्याचं काय झालं, तर लोक यायला लागले. आधी वाटलं, हे आपलं जुनं काय आहे ते बघायला येत असतील. पण विद्यापीठातल्या शिपायांच्या लक्षात आलं की मुलं संध्याकाळी घरी गेली की हे अंगणात शिरतात, मेणबत्त्या घेऊन, गुडघ्यांवर बसतात, काही तर साष्टांग पडतात. हे मोक्सो नावाच्या बिशपने १८०५च्या सुमारास लिहून ठेवलं आहे, आणि त्याच्या लिहिण्यात आश्चर्य आहे. युरोपातल्या सुंदर सुंदर मूर्तींकडे ही माणसं ढुंकून बघत नाहीत आणि या भयंकर दगडासमोर लोटांगण घालतात, हे त्याला उमजत नव्हतं. त्याने हे लिहिण्याच्या आधीच तिला तिथे अंगणात खड्डा करून पुन्हा पुरलं होतं. १८०३मध्ये हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ आला, त्याला बघायची होती. एका बिशपने शब्द टाकला, तिला उकरलं, त्याने बघितली, तिला पुन्हा झाकलं.

फोडलं असतं तरी मी समजू शकले असते, शत्रूच्या देवाला फोडतात. पण जपून ठेवायचं आणि दिसू द्यायचं नाही, विद्वान पाहुणा आला तर उघडायचं आणि तिची माणसं आली तर झाकायचं, यात जो हिशोब आहे तो मला जास्त क्रूर वाटतो. १८२३मध्ये बुलक नावाचा इंग्रज लंडनच्या प्रदर्शनासाठी तिचा साचा घ्यायला आला, पुन्हा माती निघाली. अंगणात गर्दी जमली. बहुतेकजण राग आणि तिरस्कार दाखवत होते. स्थानिक माणसं गप्प उभी होती, एकही हसला नाही, असं त्याने लिहिलं आहे. त्यांच्यातला एक म्हातारा बोलला. त्याचा आशय असा: स्पॅनिश लोकांचे तीन देव आम्हाला मिळाले, ते फार चांगले आहेत, पण आमच्या वाडवडिलांचे थोडे तरी आमच्यापाशी राहू द्यायला हवे होते. आणि रात्री कुणीतरी लपूनछपून येऊन तिला फुलांच्या माळा घालून गेलं होतं. शहर पडून तीनशे वर्षं झाली होती. त्या लोकांच्या कित्येक पिढ्यांनी तिला कधी बघितलेलं नव्हतं. जमिनीखालच्या देवीला कुठली फुलं वाहायची हे त्यांना कुणी सांगितलं असेल?

इथवर मी त्या फुलं घालणाऱ्यांच्या बाजूची आहे, पूर्णपणे. पण तेवढ्यावर थांबणं मला पटत नाही, कारण तेम्प्लो मायोरमध्ये मी आणखी एक गोष्ट वाचली आणि त्यानंतर मला जेवण गेलं नाही. मोठ्या देवळाच्या माथ्यावर दोन गर्भगृहं होती, एक विट्झिलोपोच्त्लीचं, दुसरं त्लालोकचं. त्लालोकच्या बाजूला पुरातत्त्व खात्याला एका दगडी पेटीत लहान मुलांचे सांगाडे मिळाले, किमान ४२. पंधराव्या शतकाच्या मध्यावर जो भीषण दुष्काळ पडला त्या वेळचे ते असावेत असं मानतात. काहींच्या तोंडात हिरवा मणी होता. सहागुन या फ्रान्सिस्कन साधूने म्हाताऱ्या माणसांना विचारून जे लिहून घेतलं त्यात आहे की नेताना मुलं रडली तर लोकांना बरं वाटे, अश्रू म्हणजे पाऊस येणार. मी ज्या भागात वाढले तिथे पावसाची वाट बघणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. जूनच्या शेवटी आभाळाकडे बघणारी माणसं, कोरडी विहीर, घरात कमी झालेलं बोलणं. तरीही त्या मुलांपाशी माझी समजूत संपते. स्पॅनिश लोकांनी जिंकल्यावर कितीही वाढवून सांगितलेलं असो, हे ४२ कुणी सांगितलेले नाहीत, ते मातीतून निघाले आहेत. देवीच्या गळ्यातली काळजं ही नुसती नक्षी नव्हती.

मग त्यांचं म्हणणं काय होतं, ते मी शोधत राहिले. त्लालतेकुत्ली, पृथ्वी, तिची गोष्ट मला मिळाली. सुरुवातीला नुसतं पाणी होतं आणि त्यावर ती फिरत होती, सांध्यासांध्याला डोळे आणि तोंडं असलेली. केत्साल्कोआत्ल आणि तेस्कात्लिपोका हे दोन देव मोठे साप झाले, तिला हातापायांना धरून पिळलं आणि तिचे दोन भाग केले. एकाची जमीन, दुसऱ्याचं आकाश. बाकीच्या देवांना वाईट वाटलं. ते खाली उतरले आणि म्हणाले, माणसाला लागतं ते सगळं हिच्यातून येईल. केसांतून झाडं आणि गवत, डोळ्यांतून झरे आणि विहिरी, तोंडातून नद्या, नाकातून दऱ्या. पण ती रात्री रडायची. काळजं मागायची. ती मिळाल्याशिवाय गप्प होत नसे आणि रक्ताचं शिंपण झाल्याशिवाय फळ देत नसे. हे वाचल्यावर त्यांच्या बळीचं समर्थन मी करणार नाही. पण जिला फाडून आपण जगतो आहोत ती रात्री रडते आहे आणि ते आपल्याला ऐकू येतं, हे ज्यांनी रचलं त्यांना मी रानटी म्हणून बाजूला सारूही शकत नाही. कोआत्लिक्वेच्या पुतळ्याच्या तळाशी, जमिनीला टेकणाऱ्या बाजूला, हीच त्लालतेकुत्ली कोरलेली आहे. पुतळा उभा केल्यावर ती कुणालाही दिसणार नव्हती. इतकं बारीक काम कुणाच्या नजरेसाठी नव्हतं, ते पृथ्वीने पृथ्वीला टेकावं यासाठी होतं. संग्रहालयात आपल्याला सगळं बघायची सवय लागते, त्यामुळे ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आणि तिचं नावही पक्कं नाही. लेओन इ गामाने तिला तेओयाओमिकी म्हटलं होतं, कोआत्लिक्वे हे घागऱ्यावरून रूढ झालं. १९३३मध्ये तिच्यासारखाच दुसरा पुतळा मिळाला, मोडका, त्याच्या घागऱ्यावर सापांच्या जागी काळजं होती. म्हणजे अशा अनेकजणी एका रांगेत उभ्या असाव्यात. काही अभ्यासकांना वाटतं की या त्या बाया, ज्यांनी सध्याचा सूर्य चालू व्हावा म्हणून स्वतःचा जीव दिला आणि ज्यांचे फक्त घागरे मागे राहिले. छाटलेली मान मग वेगळीच दिसायला लागते. ती कुणी बळजबरीने छाटली नसेल, तिने दिली असेल. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुला अजून माहीत नाही." खरंच आहे. विद्यापीठाच्या अंगणात गुडघ्यांवर बसलेल्यांनाही तिचं नाव माहीत होतं की नाही कोण जाणे. आई आहे एवढं बहुधा माहीत होतं. शहराच्या उत्तरेला तेपेयाकच्या टेकडीच्या पायथ्याशी आता ग्वादालुपेच्या मेरीचं भव्य चर्च आहे, त्या टेकडीवर पूर्वी तोनान्त्सिन नावाच्या देवीचं ठाणं होतं. लोक पूर्वीसारखेच लांबून लांबून तिथे येतात आणि मेरीलाही तोनान्त्सिन, म्हणजे आमची आई, म्हणतात, अशी सहागुनची तक्रार होती. हे जुन्याच देवीसाठी येतात असा त्याला संशय होता. मला त्यात फसवणूक दिसत नाही. नावं वरून बदलली, टेकडी चढणारे पाय तेच राहिले.

शेवटी एक गोष्ट सांगते, दुरान या डोमिनिकन साधूने लिहून ठेवलेली, कारण मी ती फोनवर आमच्या आईला सांगितली आणि तेव्हापासून माझ्या मनात पुतळ्याच्या जागी हीच बाई आहे. पहिल्या मोतेकुसोमा राजाला वाटलं, आपण एवढे मोठे झालो, आपल्या देवाची, विट्झिलोपोच्त्लीची, आई मूळ गावी, आस्तलानला, अजून जिवंत आहे का ते बघावं. त्याने साठ जादूगार भेटवस्तू घेऊन पाठवले. तिथल्या वाळूच्या टेकडीवर ते कमरेपर्यंत रुतले. वाट दाखवणारा म्हातारा म्हणाला, तुम्ही चॉकलेट आणि भारी भारी जेवण खाता, त्याने जड झालात. मग ती स्वतः खाली आली. म्हातारी, चेहरा काळवंडलेला, मळकट. मुलगा गेल्यापासून तिने तोंड धुतलं नव्हतं, केस विंचरले नव्हते, कपडे बदलले नव्हते. तिने विचारलं, त्याच्याबरोबर गेलेले कुठे आहेत? मेले, म्हणाले. तिने रडून घेतलं. मग म्हणाली, तो मला सांगून गेला होता की लवकर येईन, जायला आणि परत यायला म्हणून वेगवेगळ्या चपला मागून घेतल्या होत्या. त्याला सांगा, आईची दया कर. "अंघोळ तरी करायची होती तिने," आमची आई म्हणाली, आणि मग बराच वेळ दोघी काहीच बोललो नाही. मी गेली कित्येक वर्षं तिला डिसेंबरमध्ये येते म्हणून सांगते आहे.

त्या म्हातारीने जादूगारांना आणखी एक गोष्ट सांगितली. मुलाने जाताना तिला म्हटलं होतं: जी गावं मी एकामागून एक जिंकीन, ती त्याच क्रमाने परक्यांकडून माझ्या हातून जातील, आणि तेव्हा मी तुझ्याकडे परत येईन. म्हणजे तिचा मुलगा घरी यायचा तर हे अख्खं राज्य बुडायला हवं होतं, आणि ते तिला माहीत होतं. तिने दूतांजवळ त्याच्यासाठी घायपाताच्या धाग्याची साधी चादर आणि लंगोट दिला, सोनं-पिसं काही नाही. तो त्यांनी नेऊन देवाला वाहिला. दुरानने हे लिहिलं तेव्हा तेनोच्तित्लान पडून साठेक वर्षं झाली होती, त्यामुळे भाकीत नंतर जुळवलेलं असणार, हे उघड आहे. पण जुळवणाऱ्याने ते राजाच्या तोंडी घातलं नाही, पुजाऱ्याच्या नाही, दरिद्री कपड्यातल्या आईच्या तोंडी घातलं. शहर पडण्याच्या दिवसाकडे बघायची एक जागा त्याने तिच्यासाठी राखून ठेवली, जिथून तो दिवस मुलाच्या सुटकेचा दिसतो. लेकीला मी परवा हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग कोयोल्शाउकीचं काय? ती पण तिचीच मुलगी ना, तिची वाट कुणी बघितली?" त्यावर आमचं अजून चालू आहे.